परतसाहेब

जिन्यातच परतसाहेबांचं डोकं फिरलं. वरून एक बाई धुण्याची बादली घेऊन उतरत होती. तिला वाट द्यायला त्यांना पालीसारखं भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. कठड्याला हात लावला तर तो हलला. खालची गल्ली अशी, की आग लागली तर बंब कोपऱ्यावरच उभा राहून मजा बघेल.

असल्या इमारतीत त्यांची मुलगी राहायला आली होती. तान्ह्या बाळाला घेऊन.

परतसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. नगररचना कचेरीत ते घरांचे नकाशे तपासायचे आणि परत पाठवायचे, म्हणून हे नाव पडलं. खिडकी बोटभर लहान, परत. उत्तर दिशेचा बाण काढायचा राहिला, परत. चार चुका दिसल्या तरी एका खेपेला एकच सांगायचे; दुसरी पुढच्या खेपेला. पैशाला मात्र कधी शिवले नाहीत. बाहेर बाकावर ताटकळणारे म्हणायचे, "ह्याला पैसे खाता येत नाहीत, म्हणून वेळ खातो." ते ऐकूनही ह्यांची मान ताठ. मध्यंतरी वरून नियम सोपे करायचं ठरलं, नकाशे मुदतीत निकाली काढा म्हणून प्रस्ताव आला. परतसाहेबांनी त्या प्रस्तावातही चुका काढल्या आणि तोही परत पाठवला.

मुलीने दार उघडलं. बाळ खिडकीखाली झोपलं होतं. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांबवला तर लागेल अशी. छताला आडवा तडा. त्याच्यावर चुन्याचा हात फिरवून कुणीतरी आपलं काम संपवलं होतं.

"कुणी पास केला हा नकाशा?" ते दारातूनच गरजले.

"कुणीच नाही, बाबा," जावई पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाला. "पास व्हायला गेलाच नाही. म्हणून तर इमारत बांधून झाली."

परतसाहेबांना हसू आलं नाही. पाणीही घेतलं नाही.

"बाळाचे कपडे भर. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल. माझी मुलगी तू, आणि मंजुरी नसलेल्या घरात राहतेस? अख्ख्या शहरात मंजुरीचं एक घर मिळालं नाही तुला?"

"मिळालं होतं की," मुलगी म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हाच आम्ही नाव नोंदवलं होतं. जुन्या गिरणीच्या जागेवर."

परतसाहेब खाटेच्या कडेवर बसले. गिरणीची जागा त्यांना तोंडपाठ होती. मुलीचं लग्न झालं, मूल झालं, तिथे अजून गवतच होतं. परवाच त्यांनी तो नकाशा पुन्हा परत पाठवला होता. जिना दोन बोटं अरुंद भरला म्हणून.

त्यांनी वरच्या तड्याकडे बघितलं. मग खाली बाळाकडे.

"मला सांगायचं नाही का गं?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर सही केली असती?"

"नसती केली." उत्तर लगेच आलं. आयुष्यभराच्या सवयीने आलं.

मुलीने बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"केली असती, बाबा. ह्याच्याकडे बघून केली असती. आणि मग बाकीच्यांची इतकी वर्षं का नाही केली, हे मला तुम्हाला विचारावं लागलं असतं."