ओले हात

डॉक्टर प्रमोदिनी स्पिरिट घेऊन हात चोळत होत्या, पण हात कोरडे होईनात.

पलीकडच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण मीनाक्षी तापानं फणफणली होती. चार दिवसांची बाळंतीण. तिला इंजेक्शन द्यायचं होतं. स्पिरिट हातावर घेतलं की गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. आज दोनदा घेतलं, तरी हात नळाखाली धरल्यासारखे ओलेच. प्रमोदिनींनी बशीत थोडं ओतून पेटती काडी लावली. काडी चुर्र करून विझली.

त्या स्टुलावर बसल्या.

राजारामपुरीतल्या त्यांच्या प्रसूतिगृहात महिनाभर बाळंतिणींना ताप येत होता. कबनूरची धोंडुबाई त्यातच गेली. तान्ही लेक उपरण्यात गुंडाळून तिचा नवरा निघून गेला. मग मीनाक्षीला ताप चढला, आणि प्रमोदिनींचा तोल सुटला. कित्येक वर्षं हाताखाली राबलेल्या बनाबाई सुईणीला त्यांनी सगळ्यांदेखत हाकललं. तुझ्या घाणेरड्या हातांनी माणसं मारलीस, म्हणाल्या.

"साबण लावलाय, बाटलीतलं औषध चोळलंय," बनाबाई रडत सांगत होती. "आणि काय करायचं हो बाई मी?"

तिचं गाठोडं फाटकाबाहेर नेऊन ठेवलं ते प्रमोदिनींच्या नवऱ्यानं, दत्तोपंतांनी.

दवाखान्याची औषधं दत्तोपंतच बघायचे. दारूबंदीचे दिवस. स्पिरिट परवान्यावर मिळायचं, म्हणून कुलपात असायचं. चाव्या दोनच. एक प्रमोदिनींच्या कमरेला, दुसरी दत्तोपंतांकडं. ते पूर्वी प्यायचे. त्यापायी नोकरी गेली होती. मग नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवर हात ठेवून त्यांनी दारू सोडली. त्या दिवशी प्रमोदिनी घाटावर बसून आनंदानं रडल्या होत्या. त्यानंतर नवऱ्याच्या तोंडाला वास येतो का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांना तो त्याचा अपमान वाटायचा.

प्रमोदिनी उठल्या. शेजारच्या डॉक्टरांकडून स्पिरिट मागवलं, साबणानं कोपरापर्यंत हात घासले, मीनाक्षीला इंजेक्शन दिलं. बनाबाईला बोलवायला माणूस धाडला. तो एकटाच परत आला.

"न्हाय येत म्हणाली. हात घाण हाईत म्हणावं माजं."

दुपारी मीनाक्षीला घाम फुटला, ताप थोडा उतरला. तेव्हा कुठं प्रमोदिनी मागच्या सोप्यात गेल्या. दत्तोपंत पेपर वाचत बसले होते.

"बाटलीत पाणी आहे."

दत्तोपंतांनी पेपर खाली केला नाही. "स्पिरिटमध्ये पाणी घालतातच की. तूच शिकवलंस."

"तीन भागांना एक भाग. नुसतं पाणी नाही भरत."

"मग बनाबाईनंच काहीतरी..."

"चावी तिच्याकडं नव्हती."

दत्तोपंतांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"सुटत नाही गं," ते म्हणाले. "थोडं थोडंच घ्यायचो. कमी झालेलं तुला दिसू नये म्हणून तेवढंच पाणी भरायचो. कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं."

धोंडुबाईचं नाव प्रमोदिनींच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं. उत्तर ‘नाही’ असंच यावं, एवढीच इच्छा उरली होती.

"मीनाक्षीला कळा सुरू झाल्या तेव्हा मी हात धुवून उभी होते. बाटली तुम्ही कपाटातून काढून माझ्या हातावर ओतलीत. आत काय आहे, माहीत होतं तुम्हाला?"

दत्तोपंतांनी मान वर केली. डोळे भरून आले होते. बायकोला आता तरी आपलं मन कळेल, अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"माहीत होतं ना. आपली मीनू होती ती. म्हणून तर त्या दिवशी निम्मंच पाणी घातलं."