प्रकृतीस जपावे

लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं आणि तिच्या कामाने असा वेग घेतला, की साहेब चाटच पडले. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम ते. दिवसाला चाळीस व्हायची, ती ऐंशी व्हायला लागली. शिवाय प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'प्रकृतीस जपावे'. भांडायला आलेली माणसं आभार मानून जायची.

साथ सरली, ऑफिस उघडलं आणि आकडा धपकन चाळीसवर आला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, इथे एसी आहे, नवी खुर्ची आहे, चहा जागेवर येतो. घरी असं काय होतं, जे इथे नाही?"

"बघते सर," म्हणत तिने वेळ मारून नेली.

संध्याकाळी ती घरी पोचली. टपाल खात्यातून निवृत्त झालेले सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन अडकवून, तिच्या लॉकडाऊनमधल्या टेबलाशी बसले होते. टेबल रिकामं होतं.



"सूनबाई," त्यांनी हळूच विचारलं, "माझी सुट्टी अजून किती दिवस?"