चारचा फोन

सात नंबरच्या खोलीत भांडण पेटलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. बायकांच्या निवाराघराची वॉर्डनमावशी तरातरा जिना चढून आली. ‘इथे आवाज चढवायचा नाही’ हा नियम तिनेच लिहिला होता आणि तिनेच भिंतीवर डकवला होता. समुपदेशक ताईने तिला दाराबाहेरच गाठून तिचा दंड धरला.

“भांडू दे त्यांना,” ताई म्हणाली.

मावशी बघतच राहिली. भांडणं मिटवायचा पगार घेणारी बाईच भांडण चालू दे म्हणते, म्हणजे कमालच झाली.

पण ताईचं गणित वेगळं होतं. आत मायलेकी होत्या, येऊन नऊ दिवस झालेल्या. घरी बापाची रात्रपाळी, म्हणून दिवसा त्याची झोप. झोपमोड झाली की काय व्हायचं, ते आईच्या मनगटावर अजून हिरवंनिळं दिसत होतं. दोघी कुजबुजायलाच शिकल्या होत्या. इथेही पातेल्यावर झाकण ठेवताना त्या मध्ये फडकं धरायच्या. ताईने रोज तासतासभर समोर बसून विचारलं, पण दोघींनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

आणि आज चार वाजता बाप इथल्या ऑफिसात फोन करणार होता. उद्या घरी येताय की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. उत्तर आईने द्यायचं होतं. याआधी दोनदा ती परत गेली होती, आणि आज सकाळपासून बॅग भरत होती.

“मी नाही येणार,” मुलगी आत म्हणत होती.

“हळू बोल.”

“का हळू? इथे कोण झोपलंय?”

त्यावर आईच्या तोंडून जे काही बाहेर पडलं, त्याने खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं झालं. परत जायची मला हौस आहे का, पंधरा दिवसांनी इथली मुदत संपल्यावर तुला घेऊन काय रस्त्यावर राहू, सोळा वर्षांची झालीस तरी अक्कल म्हणून नाही. मुलगीही कमी नव्हती. ताईंनी भाड्याची खोली बघून ठेवलीय, तू एकदा तरी विचारलंस का, असं तिने ठणकावलं.

“भीती वाटते मला त्यांची,” आई ओरडली. “कळलं? भीती वाटते.”

ताईने दाराच्या फटीतून पाहिलं. दोघी खांदे आक्रसून दाराकडेच बघत होत्या. आवाज झाला की आता कोणीतरी येणार, हे अंगात मुरलेलं होतं.

आलीही एक बाई. शेजारच्या खोलीतली, मावशीला ढकलून आत शिरलेली. तिला कपडे धुवायला थोडा साबण हवा होता. मुलगी आधी फिसकन हसली, मग आई. हसता हसता आईला रडू आलं, आणि साबण द्यायचा राहूनच गेला.

ताईचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा चार वाजेपर्यंत टांगणीला होता.

फोन वेळेवर आला. निवाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे ताईने स्पीकर लावला. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. बाप बराच वेळ बोलला. झालं गेलं विसरून जा, घर खायला उठतं, लोक विचारतात. साखरेत घोळून घोळून बोलला. शेवटी म्हणाला, “मग उद्या येताय ना?”

“नाही,” आई म्हणाली.

शब्द बरोबर आला होता. आवाज मात्र अजून घरचाच होता, घशातल्या घशात.

“काय?” पलीकडून तो म्हणाला. “ऐकू येत नाही. मोठ्याने बोल.”

आईने लेकीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. आजवर त्याचं प्रत्येक सांगणं तिने मानलं होतं. हेही मानलं.