आत्याचा खड्डा

आमच्या अंधाऱ्या गल्लीत मधोमध एक खड्डा होता. कामावरून परतताना आत्या स्कूटरसकट त्यात पडली आणि तिचा पुढचा दात गेला. मग पुन्हा पडली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. गल्लीने कौतुकाने खड्ड्याला तिचंच नाव दिलं. आता आणखी काय मोडायचं शिल्लक आहे, या धास्तीने तिने नगरपालिकेत दोन तक्रारी ठोकल्या: खड्डा बुजवा आणि दिवा लावा.

चक्क माणसं आली. एका दुपारीत दोन्ही कामं उरकून हात झटकायला लागली.

"अहो, रस्त्याच्या मधोमध खांब?" आत्या किंचाळली.



"ताई, दिव्याला खांब लागतो आणि खांबाला खड्डा," मुकादम म्हणाला. "तुमचा तयारच होता."