वरवंट्याला टोपडं

“मूल हवंसं वाटणं आपल्या रक्तातच असतं. उत्क्रांतीनं पेरलंय ते,” कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी नणंद वरवंट्याला टोपडं घालत म्हणाली. बारशाला बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालायची आमच्याकडे रीत आहे.

“डोंबलाची उत्क्रांती!” सासूबाई म्हणाल्या. “लोक विचारून विचारून जीव खातात, मग हवंसं वाटतं.”

मला मूल कधी हवंसं वाटलंच नव्हतं. “एकदा कुशीत आलं की माया आपोआप लागते,” असं तेव्हा दोघीही म्हणाल्या, म्हणून मी हो म्हटलं. बाळ आलं. मी त्याला पाजत होते, न्हाऊमाखू घालत होते आणि मायेची वाट बघत होते.

नणंदेनं रीतीप्रमाणे आधी पाळण्याखालून वरवंटा माझ्या हातात दिला. दुपट्यात गुंडाळलेला, जड, गार. मी तो छातीशी धरला. बायका पाळणा म्हणू लागल्या आणि माझा हात आपसूक त्याला थोपटू लागला.

माझ्या पाठीमागे आईच्या मांडीवर बाळ रडायला लागलं. बायका गायच्या थांबल्या.

“अगं, बाळ इकडे आहे,” आई हळूच म्हणाली.

मला ऐकू आलं होतं. तरी मी वरवंट्यालाच थोपटत राहिले. त्याला माझ्याकडून काहीच नको होतं.