एका कुंडीतली रोपं

आईने स्लिपर ऑर्किडची तीन बोटभर रोपं एकाच कुंडीत लावली होती. लहान असताना ती एकमेकांच्या ओलाव्यावर वाढतात. "मोठी झाली की आपापलं रोप न्यायला या हं," असं तिने नोकरीसाठी दूर निघालेल्या तिन्ही लेकरांना बजावलं होतं.

सहाव्या वर्षी थोरल्याचा फोन आला. "आई, झाली असतील ना गं मोठी? कुरिअरने पाठवून दे तिघांची."

"नाही रे राजा, अजून इवलीशीच आहेत."

फुलांवर पाणी उडू न देता पानं भिजवणारे बाबा थबकले. "अगं, कुंडीत बोट शिरायला जागा नाही, आणि इवलीशी?"

आईने फोन खाली ठेवला. "रोपं कुरिअरने गेली, की पोरं कशाला येतील?"