मंजूच्या नावची धामण

हौसाबाईंनी धामणीची पेटी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "मागची कात चिंध्या होऊन निघाली. आता डोळे निळसर झालेत आणि उंदराला तोंड लावत नाही. फाटकी कात माझ्या लेकीच्या हाताला कशी पुरायची?"

मंजू भाजलेला हात ओढणीखाली लपवून उभी होती. तिच्याच पेशी टोचून दवाखान्याने ही धामण वाढवली होती. तिची अखंड कात जखमेवर पसरली की कातडी नव्याने धरायची.

"पेटी कुठे ठेवता?"

"देवघरात, समईच्या उबेला. दोन वेळा धूपही दाखवते."

"अहो मावशी, तिथे ती कोरडी पडते. मोरीपाशी ठेवा, ओलं गोणपाट घालून. कात टाकेपर्यंत उंदीर दाखवूच नका."

"देवाला मोरीत?" हौसाबाई पुटपुटल्या, पण त्यांनी तसं केलं.

आठव्या दिवशी गोणपाटाखाली सबंध कात निघाली. संध्याकाळी धामणीने उंदीरही गिळला. हौसाबाईंनी मोरीपुढेच हात जोडले.

शेजारी मंजूने ओढणी बाजूला सारली आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच दोन्ही हात जोडले.